बिनकाट्याची जात

१

यज्ञेश्वरराव किरकिऱ्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही, आणि सव्वीस वर्षं पोरांना बेटं शिकवली. उज्जैनच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे मास्तर. शिप्रेहून मोठं पाणी म्हणाल तर नर्मदा, तीही एकदाच, मावशीच्या उद्यापनाला ओंकारेश्वरला गेले होते तेव्हा. पण फळ्यावर निळ्या खडूनं बेट काढायला लागले की मागच्या बाकावर डुलक्या काढणारी पोरंसुद्धा मान वर करत. सुरुवात हिंदीत व्हायची, आणि गडी रंगात आला की मराठीत घसरायचा. पोरांना दोन्ही कळायचं, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

"समुद्रातून नवा डोंगर वर येतो," ते सांगत. "नुसती राख आणि दगड. तिथं पहिलं बी जातं कसं? वाऱ्यावर, पाखराच्या पोटातून, नाहीतर लाटेवर भेलकांडत. लाखात एखादं पोचतं. ते एकटंच रुजतं. आता गंमत बघा. तिथे शेळी नाही, गाय नाही. मग काटे कुणासाठी बाळगायचे? पिढ्यान्‌पिढ्या गेल्या की काटे जातात. बियांची पिसं जातात, कारण जे उडतं ते समुद्रात पडून मरतं आणि जे बसून राहतं ते जगतं. इथली गुडघाभर जात तिथे लाकूड धरते, झाड होते. नाकीडोळी अगदी घरच्यासारखी. पण ती आता घरची नव्हे. इकडे आणून लावलीत तर शेळीच्या तोंडी पहिली तीच जाईल."

ह्याच बाकांवर त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीकांत बसला होता. हुशार, पण डोकं म्हणजे तापलेला तवा. बापाशी वाद घातल्याशिवाय त्याला चहा पचत नसे. चोपन्न साली सरकारनं झाडापेडांच्या पाहणीचं खातं नव्यानं उभं केलं, अंदमानात नमुने गोळा करायला माणसं हवी होती, आणि यज्ञेश्वररावांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहून दिला. आपल्याला नाही जमलं ते पोराला जमावं, एवढंच मनात होतं.

त्यांची बायको अहल्याबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लोक काळ्या पाण्यातून सुटून येऊन राहिले आणि तुम्ही आपला मुलगा तिकडे धाडता?"

"अगं, स्वराज्य आलं आता. कसलं काळं पाणी?" यज्ञेश्वरराव हसले होते. पुढे ते हसणं त्यांना फार महाग पडलं.

पंचावन्नच्या पावसाळ्यात श्रीकांतचं पाकीट आलं. आत चिमूटभर बिया आणि चार ओळी. "अण्णा, आपल्या उटकटारीची कुणीतरी चुलत बहीण भेटली. तीच ती काटेरी, माळावरची, तुम्ही मला लहानपणी ओळखायला शिकवलेली. इथे तिला एकही काटा नाही. पुरुषभर उंच आहे. लावून बघा आणि मग माझ्याशी भांडा."

अण्णांनी फ्रीगंजातल्या घराच्या मागल्या अंगणात बी टाकलं. एकच रुजलं. रोज सकाळी चहा झाला की ते आधी दाबयंत्रातल्या नमुन्यांचे टीपकागद बदलायचे आणि मग त्या रोपाला लोटाभर पाणी घालायचे. संक्रांतीपर्यंत ते त्यांच्या छातीला लागलं. पानं तळहाताएवढी, देठ लांब, मऊसूत. एकही काटा नाही.

२

छप्पन सालच्या फाल्गुनात तार आली. बोट उलटली होती. सहा जणांपैकी चौघं सापडले, किनाऱ्याला लागलेले. श्रीकांत आणि एक खलाशी सापडले नाहीत. पाठोपाठ खात्याचं पत्र आलं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आशा धरू नये.

देह नसला तर काय करायचं हे शास्त्रानं सांगून ठेवलेलं आहे. पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ घेऊन माणसाची आकृती बांधायची. डोक्याला चाळीस, गळ्याला दहा, दोन्ही बाहूंना मिळून शंभर, असा एकेका अवयवाचा हिशेब. मग जवाच्या पिठानं लिंपून तिला अग्नी द्यायचा. घरचे उपाध्याय विष्णुभटजी हे सगळं सांगत होते आणि यज्ञेश्वरराव वर्गातल्या पोरासारखे ऐकत होते.

अडचण अशी, की फाल्गुनात पळसाला पान नसतं. सगळा माळवा केशरी फुलांनी पेटलेला असतो आणि झाडावर पान म्हणून नाही. बापानं दोन दिवस वणवण केली. वाळलेली, पडलेली, पत्रावळीवाल्यांकडची, जिथे मिळाली तिथून देठ आणले. अंगणात आकृती बांधता बांधता शेवटी बोटं राहिली, आणि देठ संपले. दहा कमी पडले.

"दर्भ चालतो," विष्णुभटजी म्हणाले. "मी घरून घेऊन येतो. आलोच दहा मिनिटांत."

ते गेले. आणि यज्ञेश्वरराव, ज्यांनी आयुष्यभर एका जातीचं पान दुसऱ्या जातीच्या कागदावर चिकटवू दिलं नाही, ते उठले आणि त्यांनी अंगणातल्या त्या रोपाची दहा पानं खुडली. त्याच्या हातचं बी आहे, त्याच्या हाताला हेच शोभेल, असं त्यांच्या मनात आलं. दुःखात माणसाला काय सुचेल ह्याचा नेम नाही. त्यांनी पानं काढून टाकली, दहाही देठ जागच्या जागी बांधले आणि वरून पीठ थापलं. भटजी आले तेव्हा बोटं तयार होती.

"कुठे मिळाले हो?"

"मिळाले."

नदीकाठी अग्नी दिला. सगळी आकृती भसकन पेटली, बोटं तेवढी मागे राहिली. ओले देठ बराच वेळ चुरचुरत होते. ओले होते, दुसरं काय, असं म्हणून यज्ञेश्वररावांनी तोंड फिरवलं. आठ दिवसांत ते रोपही माना टाकून वाळलं, आणि ते त्यांनी उपटून फेकून दिलं.

अहल्याबाई ह्यातल्या कशालाच बाहेर आली नाही. तिनं अन्न सोडलं म्हणावं तर सोडलं नव्हतं, पण दोन घासांवर हात धुवायची. आषाढापर्यंत बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, औषध आहे, पण जगायचं हे त्यांनीच मनावर घ्यायला हवं. यज्ञेश्वरराव रात्रंदिवस एकच भीती घेऊन वावरत. मुलगा गेला तो आपल्या हौसेपायी, आता हीही चालली. तिला सांभाळण्यापलीकडे आपल्याला जगात दुसरं काम उरलेलं नाही, हे त्यांना पक्कं कळून चुकलं होतं.

३

नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मध्यभारत संपला आणि मध्यप्रदेश आला. कॉलेजच्या पाटीवरचं जुनं नाव रंगारी खरवडून काढत होता. त्या गडबडीत अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली आणि यज्ञेश्वरराव टॉवर चौकातून चालत घरी निघाले.

त्यांच्या पुढून एक टांगा गल्लीत वळला. टांग्याच्या मागे एक शेळी धावत होती. गल्लीच्या टोकाला दुर्गा नावाची बाई शेळ्या पाळून दूध विकायची, तिची ती पांढरी शेळी. टांग्यात गवत नव्हतं, पाला नव्हता. तरी जनावर मान ताणून मागच्या बैठकीकडे तोंड नेत पळत होतं. काय येडं जनावर, असं वाटून ते हसलेसुद्धा.

टांगा त्यांच्याच दाराशी थांबला आणि त्यातून श्रीकांत उतरला.

"आलो, अण्णा," तो म्हणाला.

यज्ञेश्वररावांच्या हातातली छत्री पडली, ती त्या शेळीनं हुंगली आणि सोडून दिली. तेवढ्यात दार उघडलं. आठ महिने भिंत धरून चालणारी अहल्याबाई पायऱ्या उतरून धावत आली, आणि तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. तो "आई" म्हणाला. ती फार वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चल. जेवून घे."

त्या दिवशी ती मुलाच्या ताटाशेजारी ताट घेऊन बसली आणि तीन पोळ्या जेवली. यज्ञेश्वररावांनी त्या मोजल्या. मोजता मोजता त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आमटीत पडलं.

संध्याकाळी त्यांनी हळूच विचारलं, "काय झालं होतं रे?"

"बोट उलटली. वाहत गेलो. लागलो कुठेतरी."

"मग?"

"मग राहिलो तिथे," श्रीकांत म्हणाला, आणि गोड हसला. त्याच्याजवळ पेटी नव्हती, वळकटी नव्हती. तिकिटाला पैसे कुणी दिले हे विचारायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. देव देतो तेव्हा पावती मागू नये.

४

"ज्याचं और्ध्वदेहिक झालं आणि जो परत आला, त्याचा पुन्हा जन्म झाला असं मानायचं," विष्णुभटजींनी सांगितलं. "तुपानं माखून स्नान, जातकर्म, नामकरण. सगळं पहिल्यापासून. फार क्वचित येतो असा योग. किरकिरे, तुम्ही भाग्यवान."

सव्वीस वर्षांच्या मुलाला पाटावर बसवून तूप चोळलं. शेजारच्या बायकांनी पाळण्याचं गाणंसुद्धा म्हटलं, आधी थट्टेत, मग डोळे पुसत. अहल्याबाई मधोमध उभी होती. तिच्या तोंडावर रंग आला होता.

बापानं कानात नाव सांगायचं. यज्ञेश्वरराव वाकले. कानाशी तोंड नेलं आणि तिथेच अडखळले.

तुपाचा वास येत होता. पण तुपाखाली माणसाचा वास असतो. प्रत्येकाचा निराळा असतो, आणि पोटच्या पोराचा तर बापाला डोळे मिटून कळतो. घामाचा, केसांचा, झोपेचा. तिथे काहीच नव्हतं. घासलेल्या पाटीला असतो तेवढाही नाही.

"सांगा ना," भटजी कुजबुजले.

"श्रीकांत," ते म्हणाले.

"हो," तो म्हणाला. जसं काही विचारलं होतं.

मग पेढे वाटले. यज्ञेश्वररावांनी मनाशी ठरवलं की साठीला आलं म्हणजे नाक जातं. मागच्या वर्षी सर्दीनं पंधरा दिवस त्यांना हिंगाचासुद्धा वास आला नव्हता. कारण मिळालं, मन शांत झालं.

५

पण मन एकदा कारणं शोधायला लागलं की तिथेच पाणी मुरतंय असं समजावं.

श्रीकांत चिडत नव्हता. अगदी कशालाच. चहात साखर विसरली तरी तसाच प्यायचा. पूर्वी बाप म्हणाला पूर्व तर ह्यानं पश्चिम म्हणायचंच, आणि मग दोघांचे आवाज चौकापर्यंत जायचे. एके सकाळी यज्ञेश्वररावांनी मुद्दामच उकरून काढलं.

"तुझी ती नोकरी म्हणजे शुद्ध मूर्खपणा होता. दोन वर्षं फुकट घालवलीस. मी अर्ज लिहिला नसता तर इथे नीट मास्तर झाला असतास."

पूर्वीचा श्रीकांत ताट भिरकावून उठला असता. हा बापाकडे बघत राहिला, मायेनं. "असेल, अण्णा," म्हणाला.

यज्ञेश्वरराव उठून मोरीशी गेले आणि चूळ भरायचं निमित्त करून तिथेच उभे राहिले. शिवी दिली असती तर किती बरं झालं असतं, असं त्यांना वाटत होतं.

तो गल्लीच्या बाहेर जात नसे. मित्र बोलवायला आले, मॅच होती, सिनेमा होता; तो हसून नाही म्हणाला. दिवसभर मागल्या अंगणात दगडावर उन्हाला बसायचा, ऊन सरकेल तसा सरकायचा. मागची भिंत पावसात ढासळून कमरेएवढी उरली होती. तिच्यापलीकडे शेळ्या येऊन उभ्या राहायच्या. कधी दोन, कधी पाच. ओरडायच्या नाहीत, हलायच्या नाहीत, नुसत्या त्याच्याकडे बघायच्या.

"मास्साब," दुर्गा एकदा दूध घालता घालता म्हणाली, "तुम्हारे भैया ने क्या जादू किया है? मेरी बकरियाँ चरने नहीं जातीं. सुबह छोड़ो तो सीधी तुम्हारे पिछवाड़े."

"नमक-वमक लगा होगा हाथ में," यज्ञेश्वरराव म्हणाले. "समुंदर से आया है ना."

"महीने भर का नमक?" दुर्गा हसली. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, दूध मापून ती घाईनं निघून गेली.

त्या दिवशी वर्गात बेटांचा धडा होता. यज्ञेश्वररावांनी निळा खडू उचलला, डोंगर काढला, "काटे कुणासाठी बाळगायचे?" इथपर्यंत आले आणि थांबले. फळा पुसून त्यांनी शेवाळाचा धडा सुरू केला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर सरळ, शहाणे माणूस. त्यांना भुतंखेतं ठाऊक नव्हती. आणि जे ठाऊक होतं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

घरी आले तर अहल्याबाई गुणगुणत होती. कित्येक महिन्यांनी तिनं अंबाडा नीट घातला होता. "आज त्यानं दोनदा भात मागून घेतला," ती कौतुकानं म्हणाली. यज्ञेश्वररावांनी तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. हिला काही कळता कामा नये. कळलं तर ही पुन्हा भिंत धरेल, आणि ह्या वेळी उठणार नाही.

६

जानेवारीत सरकारी कागद आले. मेलेल्या माणसाला पुन्हा जिवंत करायचं तर सरकारला ठसे लागतात. नोकरीच्या पुस्तकात श्रीकांतच्या बोटांचे ठसे होते, आता पुन्हा द्यायचे आणि ते जुळले की मागला पगार आणि नोकरी दोन्ही सुरू होणार होती. खात्यानं पडताळ्यासाठी जुन्या ठशांची नक्कलही जोडली होती.

यज्ञेश्वररावांनी शाईचं पॅड काढलं. "डावा अंगठा दे."

श्रीकांतनं हात पुढे केला. हात कोमट असावा असं वाटलं होतं. तो उन्हातल्या भिंतीसारखा होता, ज्या बाजूला ऊन होतं तिथे गरम आणि खाली गार. त्यांनी अंगठा शाईत टेकवला, कागदावर दाबला आणि उचलला.

जुन्या नकलेवर भोवरा होता, माणसाच्या अंगठ्याला असतो तसा. नव्या ठशात उभ्या, सरळ, समांतर रेघा होत्या. वरपासून खालपर्यंत. कुठेही वळण नाही.

"शाई जास्त झाली," ते म्हणाले. दुसरं बोट घेतलं. मग तिसरं. दहाही घेतली. दहाही तशीच.

खाऱ्या पाण्यात राहिलं की कातडी झिजते. दोर ओढून ओढून रेषा जातात, कोळ्यांच्या जातात म्हणे. एक ना दोन, किती कारणं होती! ते कागद घेऊन कॉलेजात गेले, प्रयोगशाळेत दार लोटून बसले आणि त्यांनी ठशांवर भिंग धरलं. तीस वर्षं ह्याच भिंगानं त्यांनी पानं, देठ, फुलं पाहिली होती. काय दिसतंय हे डोळ्यांना पहिल्या क्षणी कळलं. नाव घ्यायला मन धजेना. भिंग खाली ठेवून ते कितीतरी वेळ टेबलावर डोकं टेकून बसले. अंगणात वाकून दहा पानं खुडणारा आपलाच हात त्यांना दिसत होता.

मग त्यांनी कागद फाडून टाकले आणि घरी जाऊन सांगितलं, "नको ती नोकरी. राहू दे इथेच."

"राहीन," श्रीकांत म्हणाला.

अहल्याबाईनं काही विचारलं नाही. एवढी मागल्या पगाराची रक्कम, एवढी पक्की सरकारी नोकरी, आणि तिनं साधं 'का' म्हणून विचारलं नाही. ह्याचं नवल वाटायला हवं होतं. पण ते इतके थकले होते की त्यांना सुटल्यासारखंच वाटलं.

७

माघातली गोष्ट. कॉलेजातले एक जुने कारकून वारले म्हणून दुपारीच सुट्टी झाली. पुढच्या दाराला आतून कडी होती. अहल्या निजली असेल, उगाच कशाला उठवा, म्हणून यज्ञेश्वरराव मागल्या बोळानं वळले.

ऊन स्वच्छ होतं. अंगणात श्रीकांत पडक्या भिंतीशी बसला होता. त्याचा उजवा हात भिंतीवरून पलीकडे लोंबत होता, आणि दुर्गाची पांढरी शेळी मान वर करून उभी होती. तिचा जबडा हळूहळू, सावकाश चालला होता. दुसरा आवाज नव्हता. नुसता रवंथ केल्यासारखा, ओला, करकर आवाज.

बाही चघळते आहे, असं त्यांना वाटलं. ते "हाड" म्हणणार तेवढ्यात दिसलं की बाही कोपरापर्यंत दुमडलेली आहे.

श्रीकांत शेळीकडे बघत होता. आई अंगावर पिणाऱ्या पोराकडे बघते तसा. हात मागे घ्यावा हे त्याला सुचतच नव्हतं. तसं कधी सुचावं लागतं, हेच त्याला माहीत नसावं.

यज्ञेश्वररावांच्या तोंडून कसला आवाज निघाला तो त्यांनाच ओळखू आला नाही. त्यांनी छत्री फेकून मारली. शेळी दचकून पळाली. पळताना तिच्या तोंडातून काहीतरी हिरवट बाहेर लोंबत होतं. त्यांनी धावत जाऊन श्रीकांतचं मनगट धरलं. दोन बोटं मुळापासून नव्हती, तिसरं अर्धं होतं. रक्ताचा टिपूस नाही. तुटल्या जागी पाणीदार चीक जमला होता, आणि वास येत होता. पहिल्यांदाच त्याच्या अंगाला कसला तरी वास येत होता, खुडलेल्या पानाचा.

"असू दे, अण्णा," तो समजूत घालत म्हणाला. "भुकेली होती."

मागे पावलं वाजली. अहल्याबाई आली होती. यज्ञेश्वरराव तिच्या आणि त्याच्या मध्ये उभे राहिले, दोन्ही हात पसरून, तिला दिसू नये म्हणून. "तू आत जा," ते ओरडले. "अहल्या, तुला माझी शपथ, आत जा!"

ती थांबली नाही. त्यांना हलकेच बाजूला करून ती खाली बसली. तिच्या हातात जुन्या लुगड्याची पट्टी होती, आधीच नीट फाडून, गुंडाळून ठेवलेली. तिनं तो हात मांडीवर घेतला आणि पट्टी गुंडाळायला लागली. तिचा हात कुठे अडला नाही.

"येतात परत," ती मान वर न करता म्हणाली. "पंधरा दिवस लागतात. मागच्या महिन्यात करंगळी गेली होती."

मग त्याच्या पाठीवर थोपटून तिनं त्याला आत पाठवलं. "जा, उन्हात नको बसू आता. ताक ठेवलंय झाकून." तो गेला. दोघं म्हातारी अंगणातच बसून राहिली.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"टांग्यातून उतरला तेव्हापासून. त्याचं तोंड हातात धरलं होतं मी."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? मला वाटलं, तुम्हाला कळलं तर तुम्ही मोडाल. आधीच स्वतःला इतका दोष देऊन राहिला होता." तिनं पदरानं डोळे पुसले. "दारात येऊन आई म्हणाला हो तो. काय करू, हाकलून देऊ? त्याचं इथे कोण आहे?"

यज्ञेश्वररावांना हुंदका आवरेना. गेलेल्या मुलासाठी ते वर्षभर रडले नव्हते. आधी बायकोसाठी दाबून धरलं, आणि मग तर मुलगा परत आला होता, रडायचं कुणासाठी? आता ते लहान पोरासारखे रडले, आणि तिनं त्यांना रडू दिलं. ज्याच्याशी भांडायचं राहून गेलं त्या पोरासाठी ते रडत होते. तो कुठेतरी पाण्याखाली होता आणि त्याच्या आईबापांनी त्याच्यासाठी वर्षभर एकमेकांजवळ मोकळेपणी शोकही केला नव्हता.

"ऐका," ती म्हणाली. आवाज खाली आणला, आतल्या दाराकडे एकदा पाहिलं. "फाल्गुनात श्रीकांतचं वर्षश्राद्ध येतं. विष्णुभटजींना नको सांगायला, त्यांना वाटेल आपण जिवंत मुलाचं श्राद्ध घालतो. रामघाटावर आपल्याला न ओळखणारा कुणी गुरुजी गाठा आणि करून या. त्याला आवडायची म्हणून मी खीर करून देईन डब्यात."

यज्ञेश्वररावांनी मान हलवली.

"सकाळीच जा, कॉलेजला निघाल्यासारखे," ती म्हणाली. "ह्याला कळू देऊ नका. उगाच वाईट वाटेल त्याला."